धाकूमामाच्या दोन वाट्या

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असायचा, आणि चाळीत ज्या एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता ते बिऱ्हाड नेमकं त्याच वेळी दाराला कडी घालून अंगणात येऊन बसायचं. दहिसरच्या त्या बैठ्या चाळीत धाकूमामाच्या कौलाला केवढा मान होता, हे एवढ्यावरून समजावं. नदीच्या अंगाला समोरासमोर बारा खोल्या, मधे अंगण, अंगणाच्या एका टोकाला नळ आणि दुसऱ्या टोकाला संडास. चार वाजल्यापासून तिथे सतरंज्या पडायच्या. पुढे बायका, मागे पुरुष, त्यांच्या मागे चेकनाक्यापलीकडून आलेले पाहुणे. सगळे कोकणातले. बहुतेक पुरुष गिरणीतले, म्हणजे संपाआधी गिरणीतले. आता कोणी वॉचमन, कोणी गोरेगावच्या स्टुडिओत सुतार, कोणी नुसतेच घरी.

मधोमध पाटावर हातभर उंचीचा काळा पाषाण. हा देव धाकूमामाने गावाहून तांबड्या फडक्यात गुंडाळून एसटीत शेजारी बसवून आणला होता, आणि त्याचं अर्धं तिकीट काढलं होतं म्हणे. एवढा मोठा देव अर्ध्या तिकिटात कसा आला, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या अंगावर ओल्या बोटाने दोन पाकळ्या चिकटवतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. मग प्रश्न घालायचा आणि गप्प बसून बघायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. यालाच कौल म्हणतात. कोकणात गावोगाव हे चालतं आणि लोक ते मनापासून करतात. धाकूमामाही मनापासूनच करायचा, फक्त त्याचं मन कोंबड्यात असायचं. दर कौलाला एक कोंबडा लागे. देव पडला दगडाचा, तेव्हा तो मामालाच खावा लागे.

"बा देवा म्हाराजा," मामाने डोळे मिटून सुरू केलं.

"व्हय म्हाराजा," अंगण म्हणालं.

"ह्यो तुझो गुणाजी, परळाक जावन डाक्तरांकडून पोट फाडून इलोलो."

"व्हय म्हाराजा."

"तेची भितरली जागा कच्ची आसा. तेचा पाणी थांबना नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेना उंबरो ओलांडूचो असात तर उजवी दी, आणि भितर ऱ्हवाचो असात तर डावी दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

समोरच्या खोलीत, उंबऱ्याच्या आत, घडी घातलेल्या गोधडीवर गुणाजी बसला होता. उंबऱ्यावर भस्माची जाड रेघ होती आणि तो तिच्या अलीकडे होता. आपलं पाणी थांबत नाही ही गोष्ट साठ माणसं एका सुरात देवाला सांगतायत हे ऐकून त्याने मान खाली घातली. वर बघायची तशी गरजही नव्हती. कोणती पाकळी पडणार ते त्याला ठाऊक होतं.

डावी पडली. अंगणातून एक मोठा निःश्वास आला, बायकांनी हात जोडले. "नको म्हणता देव," मामा म्हणाला. "आजून आठ दिस भितर."

हा सलग तिसरा रविवार होता.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली मोठ्या सुपारीएवढी एक ग्रंथी असते आणि तिला प्रोस्टेट म्हणतात, हे गुणाजीला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तिच्यात कॅन्सर आहे हेही त्याच दिवशी कळलं. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं की वेळेत सापडलाय, काढून टाकू. काढला. तीन आठवडे नळी होती, मग नळी निघाली. घरी सोडताना हॉस्पिटलने मराठीत छापलेला एक कागद दिला होता: काय खावं, किती चालावं, कोणता व्यायाम करावा. मालनने, म्हणजे गुणाजीच्या बायकोने, तो कागद नीट खिळ्याला अडकवला.

नळी निघाल्याच्या दुसऱ्या सकाळी गुणाजी हौसेने नळावर गेला. हंडा उचलायचा नाही हे त्याला सांगितलेलं होतं, म्हणून नुसता नंबर लावून उभा राहिला. तेवढ्यात शिंक आली. शिंकेबरोबर लुंगी पुढून भिजली आणि पायावरून पाणी अंगणाच्या फरशीवर गेलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी एकदम नळाकडे बघायला सुरुवात केली, जणू नळ त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता.

गुणाजी घरात आला तो बाहेर गेलाच नाही. मालन घाबरली. डॉक्टर म्हणाले होते चाला, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. शेवटी ती कोंबडा घेऊन धाकूमामाकडे गेली, आणि पहिल्याच कौलात देव म्हणाला की आत बसलाय तेच बरोबर आहे. मग रेघ आली. रेघेपाठोपाठ पथ्य आलं. तोडलेली जागा भरून यायला मटणाचा रस्सा, कोंबडीचा रस्सा, वर तूप. पालेभाजी थंड, ती बंद. पाणी दिवसाला दोन पेले, कारण आत गेलंच नाही तर बाहेर कुठून येणार. हालचाल नको, टाके सुटतील. पहाटे, कोणी उठायच्या आत, संडासला जाण्यापुरती मुभा देवाने मोठ्या मनाने दिली होती. रस्सा अर्थातच दोन वाडगे व्हायचा, कारण मामाला चाखून बघावा लागे. खिळ्यावरच्या कागदावर मामाने मंतरलेला तांबडा दोरा लोंबू लागला आणि कागदावरचं पहिलं वाक्य त्यामागे झाकलं गेलं. ते वाक्य होतं, रोज चाला.

महिनाभरात गुणाजीचं पोट दगड झालं. शौचाला तीन-तीन दिवस होईना. उजवी पोटरी जड वाटायची. दहा बाय बाराच्या खोलीत त्याला छताच्या पत्र्याचे खिळे पाठ झाले होते. आणि पाणी दोनच पेले पिऊनही लुंगी ओली ती ओलीच.

आता त्या पाकळ्यांचं सांगायला हवं. कौलात जी पाकळी पडत नाही, ती देवाने धरून ठेवली असं मानून धाकूमामा ती रोग्याच्या उशाखाली ठेवायला द्यायचा. ही कल्पना मामाची स्वतःची होती आणि तिचा त्याला अभिमान होता. त्याचं चुकलं एवढंच, की ती पाकळी त्याने कोणाच्या हातात दिली याचा विचार केला नाही.

गुणाजी एकतीस वर्षं लालबागच्या एका गिरणीत साइझिंग खात्यात होता. मागावर चढवण्याआधी ताण्याचं, म्हणजे उभं, सूत पिठाच्या खळीतून काढावं लागतं, नाहीतर ते कापड होण्याआधीच तुटून जातं. ती खळ शिजवायची, ढवळायची, आणि बरोबर झाली का ते अंगठा आणि तर्जनीच्या मधे चोळून बघायचं. घरी आल्यावर साबण लावून तिचा आंबूस वास जात नसे. मालन पहिली दहा वर्षं त्या वासाला नाक मुरडायची, नंतर तिला तो वास नवऱ्याचाच वाटायला लागला.

दुसऱ्या रविवारनंतर दुपारी पडल्या पडल्या गुणाजीने उशाखालची गुलाबाची पाकळी काढली. गुलाबाची पाकळी सुकली की वळते, सुरकुतते. ही सरळ होती आणि कडक होती. त्याने ती पालथी केली. मागच्या बाजूला पांढरट चकाकी होती. त्याने अंगठा आणि तर्जनीत धरून चोळली, बोटं नाकाशी नेली, आणि तो उठून बसला. मग पहिल्या रविवारची पाकळी काढून बघितली. तीही तशीच.

खळ होती.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. देवासमोर दोन पितळी वाट्या असायच्या. मामा म्हणायचा, एक गंगा आणि दुसरी यमुना. एका अंगाची पाकळी गंगेने चिकटवायची, दुसऱ्या अंगाची यमुनेने. आज कोणती नदी कोणत्या अंगाला, हे देव फक्त मामाच्या कानात सांगायचा. दोन्ही रविवारी उजवीला यमुना लागली होती आणि उजवीच धरून राहिली होती, म्हणजे खळ यमुनेत आणि गंगेत नुसतं पाणी. साध्या पाण्याने लावलेली पाकळी पाणी सुकलं की पडणारच. खळीने लावलेली सुकेल तसतशी अधिक घट्ट बसणार. यात देवाला काही काम उरलेलं नव्हतं.

आता कोणालाही वाटेल की गुणाजी तडक उठला असेल आणि त्याने अंगणात ओरडून हे सांगितलं असेल. नाही. त्याने दोन्ही पाकळ्या होत्या तशा उशाखाली ठेवल्या आणि पुन्हा आडवा झाला. कारण लबाडी मामाची असली तरी सोय गुणाजीची होती. देव नको म्हणतोय तोवर नळावर जायला नको. कोणी विचारलं, का रे बाहेर येत नाहीस, तर देवाकडे बोट दाखवता येत होतं. रेघ पुसली गेली असती तर उरली असती ती ओली लुंगी. कडी मामाने बाहेरून घातली होती हे खरं, पण आतून तिच्यावर हात गुणाजीने ठेवलेला होता. हे त्याला समजत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेनेही तो आतच बसला.

तिसऱ्या रविवारनंतरच्या शनिवारी अनुपमा सिस्टर आली. परळला वॉर्डात तीच होती. राहायला बोरिवलीला, सुट्टीचा दिवस, आणि नळी काढल्यावर पंधरा दिवसांनी दाखवायला यायला सांगितलेला पेशंट आला नाही म्हणून ती पत्ता शोधत आली. दारात मालन आडवी आली.

"शिस्टर, रेघ आसा ती."

"पुसली गेली तर परत ओढा," सिस्टर म्हणाली आणि ओलांडून आत आली. तिने गुणाजीकडे बघितलं, मग त्याची पोटरी दाबून बघितली. "दुखते?"

"जड वाटता."

"काका, तुम्हाला काय सांगितलं होतं? बसून राहिलं की पायात रक्त साकळतं. त्याची गाठ सुटून वर गेली तर जिवावर बेततं. ऑपरेशनमधून वाचलात आणि गोधडीवर बसून जायचंय का?" तिने पाण्याचा तांब्या हलवून बघितला. "किती पाणी पिता?"

"दोन पेले," मालन म्हणाली. "गळता म्हणान."

"अहो, कमी प्यायलं की लघवी कडक होते, पिशवीला झोंबते, आणि उलट जास्त वेळा लागते. दिवसा आठ-दहा पेले प्यायचं, संध्याकाळनंतर कमी. चहा दोनच वेळा. आणि हे काय, रस्सा? रोज?"

मालनने मान हलवली.

"रोज नको. भाकरी, डाळ, पालेभाजी, एखादं फळ. मासे खा, पण तळून नको. पोट साफ झालं नाही तर कुंथावं लागतं, आणि कुंथलं की सगळा जोर त्याच जागेवर. हे बघा, नाचणी खाऊन कॅन्सर जातो असं मी सांगणार नाही. कॅन्सर डॉक्टरांनी कापून काढलाय, आणि तो परत डोकावतो का ते रक्त तपासूनच कळणार. पण बाकीचं शरीर चालतं ठेवायचं काम तुमचं आहे."

मग ती गुणाजीसमोर खाली बसली. "आणि तो व्यायाम?"

गुणाजीने भिंतीकडे बघितलं. मुलीच्या वयाची बाई.

"लाजू नका. धार मधेच थांबवायची झाली तर आतून जे आवळता, तेच आवळायचं. धार थांबवून करत बसू नका, ती फक्त खूण आहे. असं बसल्या बसल्या करायचं. पोट नाही, मांड्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा." कणीक कशी मळायची ते सांगावं तसं तिने ते सांगितलं. "आठ दिवसांत फरक दिसणार नाही. दोन-तीन महिने लागतील, एखाद्याला वर्ष लागतं. पण बहुतेकांचं थांबतं. तोवर आत जाड फडक्याची घडी ठेवा आणि बाहेर पडा. मंगळवारी सकाळी परळला. मी वाट बघते."

ती गेल्यावर मालनने रेघेकडे बघितलं. सिस्टरच्या चपलेने ती मधे पुसली होती. मालनने भस्म घेतलं आणि रेघ जोडली. मग म्हणाली, "उद्या कौलात इचारूया. देव सोडता काय परळाक जावक."

गुणाजीने चादरीखाली पाच मोजले, आणि सोडलं.

रविवारी दुपारी खिडकीत दत्ताराम आला. दत्ताराम पलीकडच्या खोलीतला, गुणाजीपेक्षा पाच वर्षांनी लहान, त्याच गिरणीतला आणि त्याच गावाकडचा. गेले महिनाभर तो खिडकीच्या गजांबाहेर उभा राहून विडी ओढायचा आणि इकडचं तिकडचं सांगायचा. आज त्याने विडी काढली नाही.

"माका पण तीच गाठ आसा रे," तो म्हणाला.

गुणाजी गजाला धरून उभा राहिला. "कोण म्हणालो?"

"परळाक गेललंय. मंगळवारी भरती होवक सांगलेनी. डाक्तर म्हणता, आता काढली तर निघात, उशीर केलो तर हाडात जाईत."

"मगे जा की."

दत्तारामने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यात कुत्सितपणा नव्हता. "तू गेललंस ना? महिनो झालो, ह्या खिडकीतसून तुका बघतंय. असो बसान ऱ्हवाचो असात तर कशाक जावचा? आमच्या सुगंधान सांगल्यान, मामांका इचारूया. देव नको म्हणालो तर मी जावचंय नाय."

"दत्ता," गुणाजी म्हणाला.

"काय?"

त्याच्या ओठांवर आलेलं होतं. पण ते सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं, की माहीत असूनही दोन आठवडे तो गप्प बसला होता.

"काय नाय," तो म्हणाला.

दत्ताराम गेला. गुणाजी गजाला धरून तसाच उभा राहिला. आपण इथे लपून बसलोय एवढंच त्याला आजवर वाटत होतं. आपल्याला बघून कोणी मरायला निघेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

चार वाजता सतरंज्या पडल्या. आज गर्दी जास्त होती, एका रविवारी दोन कौल होते. पहिला मान दत्तारामच्या बायकोचा. सुगंधा कोंबडा मांडीशी दाबून पुढे बसली होती, कोंबड्यापेक्षा तीच जास्त भेदरलेली. दत्ताराम तिच्या मागे हात बांधून उभा.

"बा देवा म्हाराजा," मामा म्हणाला. "ह्यो तुझो दत्ताराम. तेका डाक्तर बोलावतत. त्या गुणाजीची काय दशा झाली ती तू बघतंसच."

"व्हय म्हाराजा."

"तेना मंगळवारी परळाक जावचा असात तर उजवी दी. जावचा नसात तर डावी दी."

मामाने बोट यमुनेत बुडवलं आणि उजवी पाकळी लावली. मग दुसरं बोट गंगेत बुडवून डावी लावली. गुणाजीने ते बघितलं. म्हणजे डावी पडणार होती. म्हणजे दत्ताराम जाणार नव्हता, त्याची गाठ हाडात जाणार होती, आणि दर रविवारी हे अंगण होय महाराजा म्हणणार होतं.

तो उठला. महिनाभर बसलेला माणूस झटक्यात उठला की व्हायचं तेच झालं, लुंगी भिजली. तो एक क्षण थांबला आणि त्याने उशाखालच्या तिन्ही पाकळ्या कनवटीला खोचल्या. मग त्याने रेघ ओलांडली आणि ओल्या लुंगीने अंगणात आला. बायका सरकून वाट देऊ लागल्या. या वेळी मात्र नळाकडे बघायचं कोणाला सुचलं नाही.

"गुणाजी, मागे फिर," मामा म्हणाला. "देव कोपतलो."

"कोपांदे. माझा आणखी काय ओला करतलो तो?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. गुणाजी पाटासमोर बसला आणि त्याने दोन्ही पाकळ्या देवाच्या अंगावरून काढल्या. त्याने दोन नव्या पाकळ्या घेतल्या. उजवी गंगेने लावली, डावी यमुनेने. मामाच्या अगदी उलट.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. "माझा नाव गुणाजी नसान मी दत्तारामाची बायको असात, तर उजवी दी, म्हाराजा."

व्हय म्हाराजा कोणी म्हटलं नाही. सगळे पाकळ्यांकडे बघत होते. पाच मिनिटं गेली असतील. गुणाजीच्या मांडीवरून थेंब ओघळत होता आणि तो बसून होता. मामा वाट्या उचलायला पुढे झाला तर दत्तारामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा मामानू. देवाचा चललाहा."

उजवी पाकळी सुटली आणि पाटावर पडली.

"घे दत्ता," गुणाजी म्हणाला. "देवान सांगल्यान, मी तुझी बायको."

आता सगळं अंगण हसलं, सुगंधासुद्धा. मामा गोरामोरा झाला. "भ्रष्ट हातान कौल लावल्यार असाच होता," तो म्हणाला. "ओवळो माणूस."

"मगे सोवळो माणूस लावया," गुणाजी म्हणाला आणि त्याने मालनला हाक मारली. "मालन, हय ये गो. ह्या वाटीत बोट घाल आणि चाख."

मालन घाबरत पुढे आली. देवाची यमुना चाखायची म्हणजे पाप. पण नवरा महिन्याने अंगणात आला होता आणि ओला असूनही पाठ सरळ ठेवून बसला होता. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तिचा चेहरा बदलला. कोकणातल्या बाईला पेज ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही.

"पेज आसा ही," मालन म्हणाली. "पेजेची निवळ. कालची. आंबली हा."

वाटी हातोहात फिरली. पहिल्या ओळीतल्या सगळ्या बायकांनी चाखली आणि सगळ्यांचं एकमत झालं. असं एकमत त्या चाळीत नळाच्या वेळेवरसुद्धा कधी झालं नव्हतं. गुणाजीने कनवटीच्या तिन्ही पाकळ्या काढून दाखवल्या, पालथ्या केल्या, गिरणीतल्या माणसांच्या हातात दिल्या. त्यांना जास्त सांगायची गरज पडली नाही. एकाने चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, "आयला, साइझिंग."

"पाण्यान लावलेली सुकली काय पडता," गुणाजी म्हणाला. "पेजेन लावलेली सुकली काय धरता. मामांका जी पाडूची असात तिका पाणी, जी ऱ्हवाची असात तिका पेज. येवडाच आसा." मग तो दत्तारामकडे वळला. हे सांगणं सगळ्यात जड होतं. "माका दोन आठवडे म्हायत व्हता रे. मी बोललंय नाय. माका भितर बसाक बरा वाटा होता. देवान अडवल्यान म्हणूक बरा, मी लाजतंय म्हणूक वायट. तू माका बघून घाबरलंस. पण ती गाठीची दशा नाय. गाठ गेली. ही दशा बसान झाली, रस्सो खावन झाली, पाणी न पिवन झाली. थोडा गळता ता ऑपरेशनाचा, ता खरा, आणि ता थांबवूचो येक व्यायाम आसा. तो मी कालपासून करतंय."

"कसलो व्यायाम?" मागून एक म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजावरून वाटलं की त्याला ऑपरेशनशिवायच गरज असावी.

गुणाजीने तिथे, साठ माणसांसमोर, बायकांसमोर, सिस्टरने सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. पोट नाही, मांड्या नाहीत, आतून आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. बऱ्याच पुरुषांच्या चेहऱ्यावर एक लक्षपूर्वक भाव आला.

सगळे मोजण्यात गुंतलेले बघून धाकूमामाने देव फडक्यात गुंडाळला. कोंबडा मात्र सुगंधाने घट्ट धरून ठेवला. मामाला अडवावं, झोडावं असं एक-दोघांच्या मनात आलं, पण दत्ताराम म्हणाला, जाऊ दे, आपणच दर रविवारी होय म्हणत होतो. मामा दिसेनासा झाल्यावर मालन उठली. केरसुणी घेऊन तिने उंबऱ्यावरची रेघ झाडली, मग खिळ्यावरचा तांबडा दोरा काढला आणि कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य तिने दोनदा वाचलं.

देव असतो की नसतो, हा या गोष्टीचा विषय नाही. ज्याला गाऱ्हाणं घालायचं त्याने घालावं, मन हलकं होतं. पण कोणी तुमच्या वतीने देवाला विचारून तुमचं औषध बंद करत असेल, तुमचं चालणं बंद करत असेल, तुम्हाला घरात बसवत असेल, तर देवाकडे बघत बसू नका. पाकळीला पाणी कोणी लावलं, कुठल्या वाटीतलं लावलं, ते बघा. वाटीत बोट घालून चाखा. चाखू देत नसेल तर तिथून उठा. आणि आपल्याला हवं तेच देव बोलतोय असं वाटलं, तर जरा जास्तच नीट चाखा.

मंगळवारी सकाळी दोघं परळला निघाले. दत्तारामच्या हातात कपड्यांची पिशवी, गुणाजीच्या लेंग्याच्या आत जाड फडक्याची घडी आणि हातात पाण्याची बाटली. मालनने नाचणीची भाकरी आणि लाल माठाची भाजी बांधून दिली होती. दोघं नदीवरच्या पुलापर्यंत हळूहळू चालत आले. महिन्याने एवढं चालताना गुणाजीची पोटरी ओढत होती, पण ती ओढ त्याला चालली. पुलावर समोरून एक ओळखीचा माणूस आला, थांबला, तब्येत विचारायला लागला. तेवढ्यात गुणाजीला शिंक येणार असं वाटलं. तो पुलाच्या मधोमध थांबला.

"काय झाला?" दत्तारामने घाबरून विचारलं. "मागे जावया?"

गुणाजीने हाताने खूण केली. शिंक आली आणि गेली.

"थोडासाच," तो म्हणाला. "चल. कशाक थांबलंय म्हणतंस? पाच मोजी होतंय."